सूर्याचा सातबारा

(नंदुरबार इथं तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून.)



मी गोदीत काम करतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो. यातल्या एकाही गोष्टीमुळं मला विजेवर बोलायचा परवाना मिळत नाही. पण परवानावाले बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात मेगावॅट असतात, रुपये असतात, आणि माणूस असलाच तर तो 'लाभार्थी' असतो. त्या यादीत आपण कुठं बसतो ते कोणी सांगत नाही. ते आपलं आपणच शोधायचं. म्हणून उभा राहिलो.

विषय सूर्याचा आहे. आपल्या कवितेत सूर्य फार झाला. कोणी त्याला मुठीत धरला, कोणी पेटवला, कोणी त्याला शिव्या दिल्या. मी पण दिल्यात. आज तो कवितेतला सूर्य बाजूला ठेवू. आज हिशेबातला सूर्य बघू.

जगात काय माल चाललाय हे गोदीतल्या माणसाला पेपरच्या आधी कळतं. खोका उघडला की कळतं. न्हावा-शेवाच्या मागच्या यार्डात आम्ही चिनी पॅनेलचे खोके उघडले. चाळीस फुटी खोका, आत सहाशेच्या वर पॅनेल. एकेक पॅनेल माणसाहून उंच, वजन अठ्ठावीस-तीस किलो. फोर्कलिफ्ट गठ्ठा उतरवतो, पण गठ्ठा कलंडला, पट्टी तुटली की हातच लावावे लागतात. काच फुटली तर मुकादम आधी काच बघतो, मग हात बघतो. कंत्राटदाराचं नाव घेत नाही. नावं बदलत राहतात, हजेरी तेवढीच राहते. १ एप्रिल २०२२ पासून सरकारनं बाहेरच्या तयार पॅनेलवर चाळीस टक्के कर बसवला, देशात कारखाने वाढले. मग तयार पॅनेल कमी झाले आणि त्यांच्या पोटातल्या चकत्या, म्हणजे सेल, जास्त यायला लागले. माल बदलला. पाठ आमचीच.

हा माल आला कुठून आणि एवढा वाढला कसा, ते आधी समजून घ्या. शिव्या द्यायच्या तर माहिती घेऊन द्याव्यात.

१९५४ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल तयार झाला. त्याच्यावर पडलेल्या शंभर भाग उजेडातले सहा भाग विजेत बदलायचे. १९५८ साली तो उपग्रहावर बसवून आकाशात पाठवला. जमिनीवर तो कोणालाच परवडत नव्हता. १९७६ च्या सुमारास एका वॅटच्या पॅनेलला, आजच्या पैशात धरलं तर, शंभर डॉलरच्या वर पडायचे. आज एका वॅटला डॉलरचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही. पन्नास वर्षांत पाचशे पटीनं स्वस्त झालेली दुसरी एखादी वस्तू सांगा. मीठ झालं? तांदूळ झाला? खोलीचं भाडं झालं?

कारण साधं आहे. कोळसा खणावा लागतो. खाण खोल जाते, गाडीभाडं वाढतं, आणि जाळला की परत दुसरा लागतो. पॅनेल हा कारखान्यातला माल. जितका जास्त काढाल तितका हात बसतो, नासधूस कमी होते. जगात एकूण बसवलेले पॅनेल दुप्पट झाले की भाव साधारण पाचव्या हिश्शानं उतरतो, असं गेली कित्येक वर्षं चाललंय. जर्मनीनं २००० साली कायदा केला, की छपरावर वीज बनवणाऱ्याला वीस वर्षं ठरलेला भाव मिळेल. गिऱ्हाईक तयार झालं. मग चीननं कारखाने उभे केले. आज जगातल्या दर दहा पॅनेलमागं आठांच्या वर चीनमध्ये बनतात.

म्हणून वाढ बघा. २०२२ साली जगातली सौर क्षमता एक हजार गिगावॅटच्या पुढं गेली. १९५४ पासून धरलं तर पहिल्या हजाराला अडुसष्ट वर्षं लागली. दुसरा हजार २०२४ संपायच्या आत झाला. म्हणजे दोन-अडीच वर्षांत. २०२४ साली जगातली सुमारे सात टक्के वीज सूर्याची होती. आपल्या देशात २०१० साली सौर अभियान सुरू झालं. तेव्हा सौर विजेचं एक युनिट दहा-बारा रुपयांना पडायचं. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात एक रुपया नव्व्याण्णव पैशांची बोली लागली. जानेवारी २०२५ मध्ये देशानं शंभर गिगावॅट ओलांडले.

हे सगळं खरं आहे आणि हे चांगलं आहे. मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा पोरगा यंत्राच्या विरोधात आहे. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो. कोळशाची राख मंत्र्याच्या बंगल्यावर पडत नाही. औष्णिक केंद्राच्या भिंतीला लागून कोण राहतं, राखेच्या गाडीवर कोण चढतं, हे तुम्हाला माहीत आहे. खानदेशात रात्रीची लाइट येते तेव्हा मोटर चालू करायला अंधारात मालक जात नाही, सालदार जातो. साप सालदाराला चावतो. दिवसा वीज मिळाली तर पहिला जीव त्याचा वाचतो. म्हणून सूर्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते सूर्य आणि आपण यांच्यामध्ये जो कागद उभा आहे त्याच्याशी.

तो कागद म्हणजे सातबारा.

आता या जिल्ह्यात या. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. इथली शंभरातली जवळजवळ सत्तर माणसं आदिवासी. विजेच्या नावानं या मातीनं आधीच काय दिलंय त्याचा हिशेब कोणी लिहिलाय? सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. पहिलं पाणी मणिबेलीला शिरलं. त्या धरणाची वीजक्षमता १४५० मेगावॅट, त्यातला सत्तावीस टक्के हिस्सा महाराष्ट्राचा. महाराष्ट्राचा म्हणजे कोणाचा? गाव बुडालं सातपुड्यातलं, आणि वीज गेली तारेवरून. तार पाड्याच्या डोक्यावरून जाते आणि पाड्यात अंधार असतो, हे चित्र मी काढलेलं नाही.

आणि याच डोंगरात दुसरी पण एक गोष्ट घडली. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला ओढ्याच्या धबधब्यावर लोकांनी स्वतः वीज केली. केरळातून आलेले दोन तरुण इंजिनिअर आणि गावाचं श्रमदान. पंधरा किलोवॅटचं छोटं जनित्र. २००३ च्या जानेवारीत बारा पाड्यांतल्या तीनेकशे घरांत दिवे लागले. शहरातल्या सिनेमावाल्यांनी पण त्यावरून गोष्ट उचलली म्हणतात. २००६ च्या पावसाळ्यात पूर आला, पाणी चढलं आणि ते जनित्र गेलं. पंधरा किलोवॅट म्हणजे आजच्या भावात काय? पाचशेचाळीस वॅटचे अठ्ठावीस पॅनेल. माझ्या एका खोक्यात असे बावीस बिलगाव बसतात. नीट ऐका, यंत्र आता महाग नाही. यंत्र आपल्यापर्यंत न येण्याचं कारण आता पैसा उरलेला नाही, कारण दुसरं आहे.

पाड्यांवर सौर दिवे आलेच नाहीत असं नाही. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना पॅनेल, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा द्यायचं ठरलं, पाच वर्षांच्या दुरुस्तीसकट. पॅनेल पंचवीस वर्षं चालतं. बॅटरी चार-पाच वर्षांत मान टाकते. मग छपरावर पॅनेल चमकत राहतं आणि खाली परत चिमणी पेटते. कारण बॅटरी बदलणारा पोरगा त्या पाड्यातला नाही. त्याला कोणी शिकवलं नाही. दिवा दिला, पाना दिला नाही. दान असंच असतं, दोस्तांनो. दान घेणाऱ्याच्या हातात वस्तू येते, अक्कल देणाऱ्याकडंच राहते.

आता सपाटीवर उतरू. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ साली सरकारी महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. कर्ज जर्मन बँकेचं. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते, हा हिशेब डोक्यात ठेवा. पुढं सगळं याच हिशेबावर आहे.

शिंदखेडा तालुक्यातलं विखरण. दोंडाईचाजवळ, इथून फार लांब नाही. तिथले धर्मा पाटील, वय ऐंशीच्या पुढं. त्यांची पाच एकर जमीन वीज प्रकल्पाला गेली. आधी औष्णिक म्हणून घेतलेल्या जमिनी पुढं सौर प्रकल्पाकडं वळल्या. मोबदला आला चारेक लाख. म्हातारा खेटे घालून थकला. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, २८ तारखेला जे. जे. रुग्णालयात मेले. ते पाटील होते. त्यांच्याकडं सातबारा होता. सातबारा असलेल्या पाटलाची ही गत, तर ज्याच्या बापाच्या बापाकडं पण सातबारा नव्हता त्यानं कुठल्या मंत्रालयात जायचं? त्याच्या तर मरण्याचीही फाईल होत नाही.

आता गायरानावर येतो. हे नीट ऐका, कारण या पाच-दहा वर्षांतला आपला प्रश्न हाच आहे.

महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा. उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅट. गावागावांत वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे करायचे आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. हेतू चांगला, आत्ताच म्हणालो. आता चार एकरांनी गुणा. चौसष्ट हजार एकर. एवढी जमीन येणार कुठून? खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. आणि सरकारी जमीन असेल तर नाममात्र भाड्यानं. सरकारी जमिनीत गायरान आलं. ग्रामपंचायतीला बक्षीस म्हणून तीन वर्षं, दरवर्षी पाच लाख.

आता तुम्ही सरपंच आहात असं समजा. गावातली कुठली जमीन दाखवाल? स्वतःच्या भावकीची? का गावाबाहेरची ती, जिच्यावर चार मांगांची, सहा महारांची, दोन भिलांची, एका पारध्याची घरं आणि वावरं आहेत?

गायरान कागदावर गावाचं. पण गाव म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याला जन्मापासून माहीत आहे. तिथं आपल्या म्हाताऱ्यांनी दगड वेचले, बांध घातले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा या खानदेशातली माणसं तुरुंगात गेली. १९६४ च्या डिसेंबरात देशभर लाखोंनी तुरुंग भरले. मागणी एवढीच होती, की पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. शहाद्यात १९७२ नंतर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं भिलांच्या बळकावलेल्या जमिनींसाठी रान उठवलं. आदिवासींच्या जमिनी परत करायचा १९७४ चा कायदा आकाशातून पडला नाही. मराठवाड्यात, खानदेशात भांडून भांडून सरकारनं कबूल केलं, की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करू. तारीख आपल्या बापाच्या जयंतीची दिली. पट्टे किती दिले ते आपापल्या गावात जाऊन बघा. २०२२ साली तर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या लोकांना उठा म्हणून नोटिसा गेल्या.

म्हणजे साठ वर्षं जी जमीन 'पडीक' म्हणून आपल्याला द्यायला सरकारला वेळ नव्हता, ती आता पडीक म्हणूनच पॅनेलला देता येते. आपण अतिक्रमणवाले, पॅनेल विकासवाला.

आजीचं एक वाक्य सांगतो, अहिराणीतलं. सूर्य सगळासना शे, पन वावर कोनं शे?

दुसरीकडं काय झालं ते पण बघा. कर्नाटकात पावगडला तेरा हजार एकरांवर दोन हजार मेगावॅटचा सौर पार्क आहे. तिथं जमीन हिसकावली नाही, भाड्यानं घेतली. एकराला वर्षाला एकवीस हजार, वर ठराविक वाढ. दुष्काळी मुलखातल्या जमीनमालकाला बरं झालं. पण त्या जमिनीवर जो मजुरी करायचा, शेळ्या चारायचा, त्याला भाड्यातला छदाम नाही. शेत गेलं, म्हणजे मालकाचं पीक गेलं आणि मजुराचा हंगाम गेला. मालकाला पिकाची भरपाई मिळाली. हंगामाची भरपाई कुठल्या कायद्यात आहे? नंदुरबारचा माणूस आधीच कोयता घेऊन गुजरातला ऊस तोडायला जातो. गावात उरलेला हंगाम पण गेला तर तो चार महिने नाही, बारा महिने जाईल.

आणि कागद नसलेल्याचं बाकीच्या योजनांत काय? सौर पंप घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच भरावे लागतात, बाकी सरकार. छान. पण पंप मागायला सातबारा लागतो आणि विहीर लागते. छपरावरची योजना घ्या, २०२४ ची. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान. पण छप्पर स्वतःचं लागतं, बिल स्वतःच्या नावाचं लागतं. धारावीतल्या, गोवंडीतल्या, इथल्या रेल्वे लाइनीकडेच्या पत्र्यावर सूर्य कमी पडतो का? मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून बघा. ऊन भरपूर आहे. नाव नाही.

म्हणून माझं म्हणणं, सूर्य सगळ्यांवर सारखा पडतो ही भाकडकथा आहे. ऊन सारखं पडतं. वीज कागद बघून पडते.

काही मित्र म्हणतील, मग हाणून पाडा, उचकटून टाका. मी गोदीतला आहे, मला हे पटत नाही. आमच्याकडं खोका आला. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं. आधी एका जहाजावर टोळ्याच्या टोळ्या हूक घेऊन चढायच्या, आता एक क्रेन आणि एक माणूस. हजारो हात रिकामे झाले. खोका वाईट नव्हता. खोक्यानं मणक्याचं ओझं कमी केलं. पण खोका कोणाच्या मालकीचा आणि वाचलेल्या मजुरीचा पैसा कोणाचा, हे ठरत होतं तेव्हा कामगार त्या खोलीत नव्हता. सूर्याच्या बाबतीत ती खोली अजून उघडी आहे. शिरायचं असेल तर आत्ताच.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज त्यांच्याकडं होती. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीज धोरण समितीपुढं बोलताना त्यांनी पहिलाच प्रश्न मालकीचा घेतला. वीज खाजगी असावी की सरकारी. आणि ती स्वस्त आणि मुबलक हवी, कारण दारिद्र्यातून सुटायचा रस्ता उद्योगातून जातो. मजूरमंत्र्याकडं वीज होती, हा मुद्दा विसरू नका. मजुराचा आणि विजेचा विचार त्यांनी एका टेबलावर केला. आज ही दोन टेबलं वेगळ्या इमारतींत आहेत.

मग मागायचं काय? घोषणा नको, मागण्या घ्या.

एक. गायरानावर पॅनेल लावायच्या आधी तिथं कोण किती वर्षं राहतो, कसतो, चारतो याची नोंद झाली पाहिजे, आणि १९९० पर्यंतचे पट्टे आधी. या जिल्ह्यातला बराच भाग अनुसूचित क्षेत्र आहे, तिथं १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. ग्रामसभा पाड्यावर भरली पाहिजे, सरपंचाच्या ओट्यावर नाही.

दोन. जमिनीच्या भाड्यात भूमिहीनाचा वाटा. पंचायतीचे पाच लाख रस्त्यावरच्या कमानीला जाणार असतील तर ते आधी गायरानातून उठलेल्या घराला द्या.

तीन. काम. गवत काढणं आणि काच पुसणं एवढंच आपल्या बायकांना, आणि मीटरजवळचा माणूस पुण्याचा, हे चालणार नाही. नवापूर, तळोदा, धडगावच्या पोरांना बॅटरी, इन्व्हर्टर, वायरिंग शिकवा. महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा करून हमालाला मंडळ दिलं, नोंदणी दिली. पॅनेल वाहणाऱ्यालाही तो हमालच समजा.

चार. छप्पर. जर्मनीत भाडेकरू गॅलरीच्या कठड्याला दोन पॅनेल अडकवून पिन घरच्या सॉकेटमध्ये घालतो. २०२५ पर्यंत अशी दहा लाखांच्या वर नोंद झाली. पाकिस्तानात महाग विजेला वैतागून लोकांनी २०२४ या एका वर्षात सतरा गिगावॅटचे पॅनेल मागवून आपापल्या छपरावर, वावरात टाकले. ज्यांच्याकडं तेवढेही पैसे नव्हते ते तिथंही मागं राहिले, हे पण लक्षात ठेवा. म्हणून आपल्याकडं वस्तीची सहकारी संस्था हवी. समाजमंदिराचं, बुद्धविहाराचं, शाळेचं छप्पर संस्थेचं, वीज वस्तीची, वजावट प्रत्येकाच्या बिलात. नावावर घर नसलेल्याचं नाव इथं लागलं पाहिजे.

यातलं एकही काम कवितेनं होणार नाही. कविता आपण रात्री लिहू. उद्या सोमवार आहे. ग्रामपंचायतीत जा, आपल्या गावच्या गायरानाचा गट नंबर काढा. सौर प्रकल्पासाठी ठराव झालाय का विचारा. झाला असेल तर कुठल्या तारखेला, सभेला कोण हजर होतं, कोणाचे अंगठे आहेत, त्याची नक्कल मागा. नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. मग तलाठ्याकडं जा, इतर हक्काच्या रकान्यात आपल्या कोणा म्हाताऱ्याचं नाव आहे का बघा. मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांनी गावी फोन करून विचारा, कारण तुमच्या गावचं गायरान तुम्ही तिकडं असतानाच जातं.

ज्या गावात ठराव अजून झाला नाही, तिथं ग्रामसभेची तारीख आधी आपल्या वस्तीला कळली पाहिजे. आणि त्या दिवशी वस्ती कामाला गेलेली नसावी. एका दिवसाची मजुरी बुडेल. बुडू द्या. तिथला करार तीसेक वर्षांचा असतो.

जय भीम. जोहार.